तुलाधाराचा काटा आणि शोरूममधली घासाघीस



आजचं वाचन : महाभारत, शांतिपर्व, मोक्षधर्म. तुलाधार आणि जाजली यांचा संवाद.

रविवारचं वाचन संपल्यावर आपल्यातला एक जण मागे थांबला. जरा अडखळत म्हणाला, "ताई, एक विचारू? पुढच्या आठवड्यात गाडी बुक करतोय. पहिलीच. ऑफिसातले म्हणतात, सांगितलेल्या किमतीला घेतलीस तर तुझ्यासारखा येडा नाही, पन्नासेक हजार तरी पाड. मला ते भाव करणं नको वाटतं. आपण इथे सत्य, अपरिग्रह वाचायचं आणि तिथे जाऊन घासाघीस करायची, हे धर्मात बसतं का?"

मी म्हटलं, "बसतं. पण नीट सांगायला मला लिहावं लागेल." लगेच बोलले नाही त्याचं कारण असं की गेल्या वर्षी मी हेच केलंय, आणि त्यातल्या अर्ध्या भागाबद्दल मला आजही बरं वाटत नाही. तेच आज लिहिते. आधी तुलाधार, मग माझी गाडी.

जाजली नावाचा एक मोठा तपस्वी. इतका निश्चल उभा राहायचा की पाखरांच्या एका जोडीला तो खांबच वाटला. त्यांनी त्याच्या जटेत घरटं केलं, अंडी घातली. जाजली हलला नाही. पिल्लं झाली, मोठी झाली, उडायला लागली, संध्याकाळी परत यायची, मग हळूहळू यायची बंद झाली. महिनाभर कुणी आलं नाही तेव्हा त्याला वाटलं, झालं, मला धर्म साधला. आनंदाने त्याने दंड थोपटले. तेव्हा आकाशवाणी झाली की काशीतल्या तुलाधाराची सर तुला नाही, आणि तोसुद्धा असं बोलणार नाही.

हा तुलाधार कोण? दुकानदार! जाजली काशीला पोचला तेव्हा तो दुकानात माल विकत बसला होता. सुगंधी द्रव्यं, तऱ्हेतऱ्हेचे रस, असं काय काय. मद्य मात्र नाही. उठून त्याने जाजलीचं स्वागत केलं आणि त्याच्या जटेतल्या पाखरांची हकीकत त्यालाच सांगितली.

मला या कथेत सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? जाजली विचारतो की तुला हे ज्ञान कुठून आलं, आणि तुलाधार उत्तरात कुठल्या गुहेचं, गुरूचं, व्रताचं नाव घेत नाही. तो आपल्या धंद्याबद्दल बोलतो. कुठल्याही जिवाला त्रास न देता, किंवा अगदीच कमी त्रास देऊन, जगणं हा श्रेष्ठ धर्म. मी लोकांकडून माल घेतो, लोकांना विकतो, आणि माझा तराजू सगळ्यांना सारखा. या घेण्या-विकण्यासाठी मुळात एक शब्द आहे, अमायया. माया न करता. इथे माया म्हणजे वेदान्तातली मोठी माया नाही, साधं कपट. आपल्याकडे आजी म्हणायची ना, मापात पाप नको, तेच.

आता लक्ष द्या. तुलाधार असं कुठेही म्हणत नाही की मी फुकट देतो, किंवा मागेल त्याला मागेल त्या भावात देतो. तो वाणी आहे, नफा घेत असणारच. तराजूचं कामच मुळी दोन्ही बाजू बघण्याचं. म्हणजे भाव करणं धर्माच्या बाहेरचं असतं, तर हा माणूस जाजलीचा गुरू झालाच नसता. आपल्या तुकोबांचं घराणंही वाण्याचंच, हे आपण सोयीस्कर विसरतो.

आता माझी गाडी.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ठाण्यात आमच्या इमारतीखाली रिक्षा मिळणं म्हणजे नशिबाचा भाग. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के अधिक सेस होता तो 18 टक्क्यांवर आला. बलेनो, आय-20, अल्ट्रोझ, ग्लान्झा या सगळ्या प्रीमियम हॅचबॅक त्याच मापात बसतात. "आता नाही तर कधी," असं म्हणून दिवाळीनंतर आम्ही त्यातली एक पसंत केली. कुठली ते लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात दोष गाडीचा नव्हता.

शोरूममधल्या मुलाने कोटेशन हातात दिलं. एक्स-शोरूम 8,64,000. त्यावर आरटीओ टॅक्स, आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के, म्हणजे 95,040. नोंदणीची फी वगैरे 2,460. इथपर्यंत कुणाला काही बोलण्यासारखं नाही. त्याखाली मात्र, इन्शुरन्स 46,800. ॲक्सेसरी पॅक 18,500. हँडलिंग चार्जेस 6,500. कोटिंग 9,000. वाढीव वॉरंटी 14,200. एकूण ऑन-रोड 10,56,500.

बाबा लगेच म्हणाले, "ठीक आहे, देऊन टाकू."

आमचे बाबा आयुष्यात कधी भाव करत नाहीत. पूर्वी मला तो त्यांचा मोठेपणा वाटायचा. पण मी बघत आलेय की ते पैसे देऊन येतात आणि पुढे महिनाभर घरात धुसफुसतात. "लुटलं साल्यांनी." म्हणजे दिलेलं मनापासून दिलेलंच नसतं. ती उदारता नाही मंडळी, ती भीड आहे. चारचौघांत पैशांचं बोललो तर आपण हलके ठरू, ही भीती. त्या भितीला आपण वैराग्याचं उपरणं पांघरतो. तुमच्यातल्या पुष्कळांना हे लागू होतं, आणि ज्याने प्रश्न विचारला त्याला तर नक्कीच. (रागावू नकोस रे.)

तर मी कागद पुढे ओढला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत गेले. हे काय आहे? हे का लागतं? नको म्हटलं तर चालेल का?

इन्शुरन्सला तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडूनच घ्यावा लागतो." असं काही नसतं. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे, त्याशिवाय नोंदणी होत नाही, हे खरं. पण विमा कुणाकडून घ्यायचा हे आपण ठरवायचं. बाहेर तेवढ्याच आयडीव्हीला, झिरो डेप्रिसिएशनसकट, मला 33,500 सांगितले होते. 13,300 तिथे कमी झाले. हँडलिंग म्हणजे नक्की काय हाताळता, असं मी शांतपणे विचारलं. तो हसला आणि ती ओळ त्याने स्वतःच खोडली. कोटिंग नको. ॲक्सेसरीमध्ये मॅट आणि मडफ्लॅप तेवढे ठेवले, 4,500. वॉरंटी ठेवली, ती मला हवी होती.

बेरीज केली तर 42,800 कमी झाले होते. आवाज चढला नाही, कुणाचा अपमान झाला नाही, आणि एकही शब्द खोटा नव्हता. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय : समोरच्याला अस्वस्थ न करणारं, खरं, गोड आणि हिताचं बोलणं. मला कायम वाटायचं की हे प्रवचनात बसून करायचं तप आहे. ते काचेच्या केबिनमध्ये, कॅल्क्युलेटर समोर ठेवूनही करता येतं. तासभर मी ते केलं. मग बिघडवलं.

बिघडलं ते असं. शेवटी कॅश डिस्काउंटचा विषय निघाला. त्याने 15,000 सांगितले. मी म्हटलं, अजून. तो म्हणाला, होत नाही. आणि माझ्या तोंडून अगदी सहज निघून गेलं, "अहो, त्या दुसऱ्या शोरूमने मला 30,000 लिहून दिलेत."

कुणीही काही लिहून दिलं नव्हतं. दुसऱ्या शोरूममध्ये मी गेलेही नव्हते. हे वाक्य मला ऑफिसातल्या मैत्रिणीने शिकवलं होतं. सगळेच म्हणतात ना. तो आत जाऊन साहेबांशी बोलून आला आणि 24,000 वर तयार झाला. आम्ही हात मिळवले, पेढा खाल्ला, बुकिंगचे पैसे भरले. परत येताना रिक्षात मला फार हुशार वाटत होतं. जाजलीने दंड थोपटले होते, मी भावाला फोन केला, एवढाच फरक.

दोन दिवसांनी विम्यासाठी चेसिस नंबर हवा होता, म्हणून त्या मुलाला फोन केला. बनावटीचा महिनाही विचारला. हे तुम्हीही विचारा, न विसरता, पूर्ण पैसे भरायच्या आधी. तो जरा घुटमळला. जून. आम्ही नोव्हेंबरात होतो. मला "अगदी ताजी गाडी, आत्ताच आलीये" असं सांगितलं होतं आणि गाडी पाच महिने यार्डात उभी होती. मी काही बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, "मॅडम, ते दुसऱ्या शोरूमचं कोटेशन आहे ना, त्याचा फोटो पाठवा. साहेबांना फाईलला लावायचाय. नाहीतर वरचे 9,000 माझ्या इन्सेंटिव्हमधून धरतील."

मी "पाठवते" म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी भाऊ घरी आला. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यात काय ताई, माझ्याकडे एक जुनं कोटेशन पडलंय, पीडीएफमध्ये आकडे बदलून देतो, पाच मिनिटांचं काम." मी म्हटलं, "अरे, पण खोटंच ना ते?" तो म्हणाला, "त्यांनी तुला पाच महिने जुनी गाडी ताजी म्हणून टिकवली, ते काय होतं? इन्शुरन्सचं खोटं सांगितलं, ते? फिट्टंफाट!"

मला ते पटलं, हे मी इथे कबूल करते. त्यांनी मला फसवलं, मी त्यांना फसवलं, झालं बरोबर. त्याने पीडीएफ केलं, मला पाठवलं. फॉरवर्ड करायचं तेवढं बाकी होतं.

रात्री नेहमीप्रमाणे हरिपाठ म्हणायला बसले. जमेना. तोंडाने म्हणत होते आणि डोक्यात ते पीडीएफ. शोरूमचा लोगो जरा तिरका दिसतोय का, तारीख बरोबर आहे का, हेच. नाम घेत असताना मी एका बनावट कागदाचं प्रूफरीडिंग करत होते. दोनदा पहिल्यापासून सुरू केलं, मग उठले.

त्या वेळी मी तुलाधार वाचलेला नव्हता, त्यामुळे काय चुकतंय ते मला शब्दांत सांगता आलं नसतं. आज सांगता येईल. वाणी माप मारतो म्हणजे काय करतो? पारड्याला हळूच बोट लावतो. समजा गिऱ्हाईकही तितकंच पक्कं आहे आणि त्यानेही आपल्या बाजूच्या पारड्याला बोट लावलं, तर काटा येईल मधे. बघणाऱ्याला वाटेल, वा, बरोबर वजन! पण पारड्यात माल नक्की किती आहे ते आता दोघांपैकी कुणालाच कळणार नाही. फिट्टंफाट झालं की काटा मधे येतो आणि तराजू मात्र कामातून जातो. माझ्या गाडीची योग्य किंमत काय होती, हे त्या रात्री मला खरंच माहीत नव्हतं. 15,000 सूट ही त्यांची खरी हद्द होती का, त्यांनाही माझी खरी हद्द माहीत होती का, काही कळायला मार्ग नव्हता.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली. तुलाधार अहिंसेपासून सुरुवात करतो, मापापासून नाही. कुणाला त्रास किती, हा त्याचा पहिला हिशोब. मी भाव केला तो कंपनीशी, शोरूमशी, असं मला वाटत होतं. त्यांना नाही म्हणता येतं, ते परवडेल तेवढंच सोडतात. पण माझ्या खोट्या वाक्याचे 9,000 त्यांच्या गल्ल्यातून गेलेच नव्हते. ते त्या मुलाच्या खिशातून जाणार होते, आणि त्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती, कारण महिनाअखेरीचं टार्गेट. तेव्हापासून माझी एक कसोटी आहे : ज्याला खरोखर नाही म्हणता येतं त्याच्याशी खुशाल भाव करावा, हटून करावा. ज्याला म्हणता येत नाही, त्याच्याशी करू नये. आपण नेमकं उलट करतो. विम्याच्या 46,800 वर न वाचता सही करतो आणि खाली येऊन मेथीच्या जुडीमागे पाच रुपये सोडवतो.

सकाळी त्याला फोन केला. तयारी केलेली वाक्यं सगळी विसरले. म्हटलं, "माझ्याकडे दुसरं कोटेशन नाहीये. नव्हतंच. मी खोटं बोलले. वरचे 9,000 मी भरते."

तो काही क्षण गप्प होता. मला वाटलं होतं (काय वेडी आशा) की तो म्हणेल, "मॅडम, तुमच्यासारखी माणसं भेटत नाहीत." तो वैतागून म्हणाला, "मग आता मी साहेबांना काय सांगू? प्रोफॉर्मा परत करायला लागेल." आणि त्याचं बरोबरच होतं. माझ्या सत्याचा त्रास पुन्हा त्यालाच. मी म्हटलं, साहेबांना फोन द्या, मी सांगते.

साहेबांना सांगितलं. मग म्हटलं, "आता माझी बाजू. गाडी जूनची आहे, मला ताजी म्हणून सांगितली. त्याचं काय ते खरं सांगा. दुसरी नवीन येणार असेल तर मी थांबते." ते म्हणाले, त्या रंगात महिनाभर तरी येणार नाही. हीच हवी असेल तर बनावट जुनी म्हणून 6,000 कमी करतो, शोरूमच्या खात्यातून, याच्याहून जास्त होणार नाही. मी विचारलं, "मुलाच्या इन्सेंटिव्हमधून नाही ना?" ते म्हणाले, नाही. मी हो म्हटलं.

म्हणजे सूट 21,000 झाली, 24,000 ऐवजी. मला 3,000 जास्त पडले. खरं बोलल्यामुळे देवाने फायदा करून दिला असं लिहायला मला फार आवडलं असतं, तशा गोष्टी फॉरवर्डही भरपूर होतात. पण 3,000 गेले. भाऊ अजून त्यावरून चिडवतो. आणि तो मुलगा डिलिव्हरीच्या दिवशी अगदी कामापुरतं बोलला. चावी दिली, दोन जागी सह्या घेतल्या, फोटोसाठी बाजूला उभा राहिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. माझं त्याच्याशी आधी जे हसणं-बोलणं होतं, ते परत आलं नाही. ते खोट्या वाक्याबरोबर गेलं ते गेलंच.

बाबांनी मात्र एक केलं. नवीन प्रोफॉर्मा मागून घेतला, चष्मा लावला आणि त्यातली एकेक ओळ मला विचारून समजून घेतली. 10,56,500 चे 9,92,700 कसे झाले, त्यातलं किती खरं विचारून गेलं आणि किती खोटं बोलून गेलं होतं, सगळं. कधी नव्हे ते. धुसफुस झाली नाही. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि पुढच्या सीटवर बसून म्हणाले, "चल, विठ्ठलाला दाखवून आणू."

तर ज्याने विचारलं त्याला : तुझं कोटेशन रविवारी घेऊन ये. वाचनाआधी पंधरा मिनिटं बसू, ओळ न् ओळ बघू. विम्याचा बाहेरचा आकडा आधी मागून ठेव, आणि बनावटीचा महिना विचार. दुसऱ्या शोरूमचा भाव सांगायचा असेल तर खरंच दुसऱ्या शोरूममध्ये जाऊन ये, घोडबंदर रोडला दोन-तीन आहेत, एका शनिवारचं काम आहे.

बाकीच्यांनी जाजलीच्या प्रश्नापासून पुढचा भाग वाचून या. तुलाधाराचं बोलणं तिथून यज्ञाकडे वळतं आणि जाजली त्याच्याशी वाद घालायला लागतो. शेवटी ती पाखरंही परत येतात, साक्ष द्यायला.

राम कृष्ण हरी.